जोड जॉयस्टिक

संगणकावरील विमान सिम्युलेटरला एकाच वेळी दोन जॉयस्टिक जोडून त्यांच्यात नियंत्रणांची वाटणी करण्याच्या पद्धतीस जोड जॉयस्टिक म्हणतात. एकट्याने दोन्ही हातांनी विमान चालवणे किंवा दोघांनी शेजारी बसून वैमानिक व सहवैमानिक होणे, असे तिचे दोन उपयोग आहेत.

एकट्याच्या मांडणीत उजव्या दांडीकडे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारे पृष्ठ) व एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारे) आणि डाव्या दांडीकडे थ्रॉटल (इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारे नियंत्रण) देतात; पायाने दाबायची पेडल नसल्यास दांडी पिळण्याचा अक्ष (हालचालीची दिशा) रडरसाठी, म्हणजे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या शेपटीवरील पृष्ठासाठी, वापरतात. मात्र स्प्रिंगमुळे दांडी हात काढताच मध्यावर परतते व थ्रॉटल निम्म्यावर येते, म्हणून थ्रॉटलसाठी दांडीऐवजी तिच्या बैठकीवरील सरकपट्टी निवडणे शहाणपणाचे ठरते. अंतराळयानाच्या सिम्युलेटरमध्ये, डाव्या दांडीने यान बाजूला सरकवायचे असल्याने, दांडीचा हाच गुण उपयोगी पडतो.

जोडणी सोपी असते. घोळ होतो तो वाटणीत. अनेक सिम्युलेटर नवी जॉयस्टिक दिसताच तिला नेहमीच्या आज्ञा आपोआप देऊन टाकतात, त्यामुळे एका अक्षाला दोन धनी होतात आणि विमान विनाकारण कलते. म्हणून दुसऱ्या जॉयस्टिकच्या सर्व आज्ञा आधी पुसून हव्या तेवढ्याच नव्याने द्याव्यात. दोन्ही जॉयस्टिक एकाच मॉडेलच्या असल्यास त्यांचा ओळख क्रमांकही सारखाच असतो आणि यूएसबी पोर्ट बदलल्यास डावी-उजवी यांची अदलाबदल होऊ शकते. पोर्टवर व वायरीवर चिठ्ठ्या चिकटवणे हा यावरचा साधा उपाय होय. उड्डाणापूर्वी विंडोजच्या गेम कंट्रोलर खिडकीत प्रत्येक अक्ष हलवून पाहावा.

दोघांच्या मांडणीचा आदर्श १९८७ मध्ये प्रथम उडालेल्या एअरबस ए३२० विमानात आढळतो. त्याच्या दोन दांड्या यांत्रिकरीत्या जोडलेल्या नसतात. दोन्ही एकदम हलवल्यास संकेतांची बैजिक (दिशेच्या चिन्हासह) बेरीज होते, इशारा ऐकू येतो आणि दांडीवरील बटण दाबून धरणाऱ्याकडे ताबा जातो. घरगुती मांडणीत असा निवाडा सहसा नसल्याने ताबा घेताना व सोडताना तो मोठ्याने बोलून दाखवावा लागतो.

सातारा जिल्ह्यातील हौशी चालकांना सरावासाठी कराडची धावपट्टी जवळची वाटेल. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ मध्ये बांधलेल्या या विमानतळाची धावपट्टी सुमारे १,२८० मी. लांब असून ती सेसना १७२ सारख्या हलक्या विमानाला पुरते, ए३२० ला नाही. सेसनात मुळात दांडी नसून योक (सुकाणूचाकासारखी मूठ) असतो, त्यामुळे जॉयस्टिकवर तिचा प्रतिसाद अधिक तीव्र वाटतो; तो संवेदनशीलतेचा वक्र (दांडी किती हलवली की विमान किती प्रतिसाद देते, याची सेटिंग) सौम्य करून आणि मध्याभोवती थोडा निष्क्रिय पट्टा (जिथे दांडी हलवूनही परिणाम होत नाही) ठेवून कमी करतात.