मुंबई पकडणारा अँटेना

२ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पण कोकणात ते कोणाला दिसणार हे ठरवलं डोंगरांनी. टीव्हीच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात. वरळीच्या ३०० मीटर उंच मनोऱ्यावरून त्यांचं क्षितिज सत्तरेक किलोमीटरवर संपतं. अलिबाग, रेवदंडा त्यात आरामात बसतात. मध्ये बहुतेक पाणीच. मुरूड काठावर. हर्णै-दापोली पलीकडे, म्हणजे काठी जितकी उंच तितकी आशा. त्याहून दक्षिणेला मुंबई विसरलेलीच बरी.

घरी अँटेना करणाऱ्याला पहिला हिशेब लांबीचा. मुंबईचं चॅनल चार, म्हणजे ६१ ते ६८ मेगाहर्ट्झ. या लहरीची अर्धी लांबी धरून थोडी कमी केली की मुख्य दांडा सव्वादोन मीटरच्या आसपास, साडेसात फुटी. म्हणून मुंबई पकडणारे अँटेने एवढे धिप्पाड दिसत. रचना जपानी: सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात उदा आणि यागी यांनी १९२६च्या सुमारास मांडलेली. मुख्य दांड्यामागे जरा लांब परावर्तक, पुढे जरा आखूड दिग्दर्शक. दांड्यांना ॲल्युमिनियमचा पाइप, आडवं लाकूड सुताराकडून, उभी काठी बांबूची किंवा पोफळीची.

खरी गोम जोडणीत. दांड्याचा आणि वायरचा रोध सारखा असला तरच आलेलं सगळं टीव्हीपर्यंत पोचतं. मुख्य दांडा वाकवून बंद केलेला, दुहेरी; त्याचा रोध ३०० ओहमच्या घरात, आणि चपटी वायरही ३०० ओहमची. त्यामुळे नट आवळला की काम झालं. पण चपटी वायर ओली झाली, तिच्यावर खारं साचलं, की चित्र फिकं पडतं. गोल कोअॅक्सियल वायर खाऱ्या हवेला जास्त टिकते, फक्त ती ७५ ओहमची. मग त्याच वायरचा दीड मीटरचा तुकडा घेऊन त्याचा वेढा मुख्य दांड्याच्या जोडणीच्या दोन टोकांमध्ये जोडायचा, म्हणजे रोध चौपट होऊन मेळ बसतो. हा दीड मीटर नीट मोजणारा गावात एखादाच असे, आणि त्याला मान मेकॅनिकपेक्षा जास्त.

खाऱ्या वाऱ्याचा दुसरा घाव सांध्यावर. तांब्याची तार थेट ॲल्युमिनियमवर आवळली की पावसाळ्यानंतर तिथे पांढरी भुकटी, आणि पडद्यावर मुंग्या. जाणते मध्ये वॉशर घालत आणि वर ग्रीस किंवा डांबर फासत. ज्यांनी हे केलं नाही त्यांनी दोष बूस्टरला दिला. बूस्टर बिचारा आलेलं वाढवतो; मुंग्या आल्या तर मुंग्याच वाढवतो.

दिशा लावणं हे दोघांचं काम. एक कौलांवर, एक पडवीत, आणि मध्ये आरडाओरडा: ‘इलां, इलां! आता हलव नको!’ उन्हाळ्यात समुद्रावर हवेचे थर बसले की लहरी त्यांच्यात अडकून क्षितिजापलीकडे जातात. अशा दिवसांत आपलं चॅनल बिघडून कराचीचं किंवा आखातातलं चित्र डोकावे. त्याचं श्रेय मात्र अँटेना बनवणारा खुशाल स्वतःकडे घेई.

मग १९८३ मध्ये इन्सॅट-१बी हा उपग्रह वर गेला. १९८४पासून देशभर, उपग्रहावरून कार्यक्रम घेऊन आसपास सोडणाऱ्या छोट्या प्रक्षेपकांचा सपाटा लागला; ते शंभर वॉटचे, पंधरा-वीस किलोमीटरपुरते. १९८७ला ‘रामायण’ आलं तेव्हा जिल्ह्याच्या गावांना मुंबईकडे बघायची गरज उरली नव्हती. पण वरच्या पट्ट्यातल्या, १७४ ते २३० मेगाहर्ट्झच्या प्रक्षेपकाला दांडा लागतो साठ ते ऐंशी सेंटीमीटरचा. साडेसात फुटी कापून पाइप उरलाच. आणि प्रक्षेपक जवळ असूनही खाडीच्या खोबणीतली वाडी कोरडीच राहिली, कारण मध्ये डोंगर तोच.

डिसेंबर २००४मध्ये दूरदर्शनची मोफत डिश सेवा सुरू झाली. तिची थाळी आग्नेयेकडे आणि चांगलीच वर बघते, त्यामुळे डोंगर आता आडवा येत नाही. आडवा येतो तो शेजाऱ्याचा माड, आणि तो तोड म्हणून सांगायची सोय नाही.