एका पानाचे आठ पत्ते : शोधयंत्राला दुहेरी मजकूर कसा कळतो

संकेतस्थळावरचे एकच पान किती पत्त्यांवर उघडते, हे मोजून पाहण्यासारखे आहे. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपी लिहा किंवा एचटीटीपीएस, पान उघडते; हे दोन पत्ते झाले. पुढे डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असो वा नसो, पान तेच, म्हणजे चार. शेवटची तिरकी रेघ दिली काय किंवा गाळली काय, काही बिघडत नाही, म्हणजे आठ. ते पान वस्तूंच्या यादीचे असेल आणि यादी चार प्रकारे लावून पाहण्याची सोय असेल, तर प्रत्येक क्रमासाठी पत्त्याच्या शेपटाला वेगळा पॅरामीटर जोडला जातो आणि आकडा ३२ वर पोहोचतो. वाचकाच्या लेखी हे सगळे एकच पान आहे. शोधयंत्र मात्र पानाची नोंद पत्त्यावरून ठेवते, त्यामुळे आतला मजकूर तपासून होईपर्यंत त्याच्या लेखी ही ३२ निरनिराळी पाने असतात.

डुप्लिकेट कंटेंट, म्हणजेच दुहेरी मजकूर, म्हटले की सर्वांत आधी डोळ्यांपुढे येते ती चोरी : कोणीतरी कोणाचातरी लेख उचलून स्वतःच्या नावावर खपवला. तसे घडते, आणि पुष्कळदा घडते. पण दुहेरी मजकुराचा मोठा भाग कोणाच्याही वाईट हेतूशिवाय, केवळ संकेतस्थळाच्या रचनेतून तयार होतो. छपाईसाठी वेगळी आवृत्ती, जाहिरातीतून आलेला वाचक मोजण्यासाठी पत्त्याला जोडलेले कोड, एकच लेख दोन विभागांत दाखवण्याची सोय, चाचणीसाठी उभी केलेली आणि नंतर झाकायची राहून गेलेली प्रत, ही त्याची नेहमीची उगमस्थाने. गूगलमध्ये त्या काळी स्पॅमविरोधी पथकाचे प्रमुख असलेले मॅट कट्स यांनी २०१३ मध्ये सांगितले होते की, वेबवरच्या एकूण मजकुरापैकी २५ ते ३० टक्के मजकूर दुहेरी असतो. इतक्या मोठ्या भागाला गुन्हा ठरवून कोणतेही शोधयंत्र चालू शकणार नाही.

म्हणूनच ‘दुहेरी मजकुराबद्दल गूगल दंड करते’ ही समजूत आधी बाजूला ठेवायला हवी. असा सरसकट दंड नसतो, हे गूगलने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे. शोधयंत्र सारख्या पानांचा एक गट करते, त्या गटातून एक प्रतिनिधी पान निवडते आणि निकालांत तेवढेच दाखवते. बाकीची पाने मागे राहतात. ही शिक्षा नसून निवड आहे. मात्र निवड कोणी करायची, हा प्रश्न कळीचा आहे. मालकाने ती केली नाही तर यंत्र करते, आणि यंत्राने निवडलेले पान मालकाला हवे असलेले असेलच असे नाही. नीट सजवलेल्या मूळ लेखाऐवजी चित्रे आणि दुवे काढून टाकलेली छपाईची आवृत्ती निकालांत वर येते, ती अशीच. फेब्रुवारी २०११ मध्ये गूगलने निकालांच्या क्रमवारीत आणलेला ‘पांडा’ हा बदल मात्र वेगळा होता : उचललेल्या किंवा निःसत्त्व मजकुरावर उभी असलेली संकेतस्थळे त्यामुळे खाली गेली. दंडाची भीती पसरली ती मुख्यतः या दोन गोष्टींची गल्लत झाल्यामुळे, असे मला वाटते.

आता खरा वैज्ञानिक प्रश्न. दोन पाने सारखी आहेत, हे यंत्राला कळते कसे? तंतोतंत सारखी असतील तर काम सोपे आहे. प्रत्येक पानाच्या मजकुरावरून हॅश नावाच्या गणिती प्रक्रियेने एक संख्या काढायची. संख्या जुळल्या की पाने एकच. अडचण अशी की, हॅश एका स्वल्पविरामानेही पूर्ण बदलतो. पानावर आजची तारीख छापलेली असेल तर कालची आणि आजची प्रत यंत्राला परकी वाटेल. शिवाय प्रत्येक पान दुसऱ्या प्रत्येक पानाशी ताडून पाहणेही शक्य नसते. पाने ३ कोटी असतील तर जोड्या होतात सुमारे ४५० लाख कोटी.

या दोन्ही अडचणींवर आंद्रेई ब्रोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये फार सुंदर तोडगा मांडला. ते तेव्हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या संशोधन केंद्रात होते. आल्टाव्हिस्टा हे त्या काळचे गाजलेले शोधयंत्र याच कंपनीचे. छपरावरची कौले जशी एकमेकांवर थोडी चढवून बसवतात, तसे मजकुराचे एकमेकांवर चढणारे तुकडे पाडायचे, ही त्यामागची कल्पना. ‘नदीचे पाणी डोंगरावरून वाहत समुद्राला मिळते’ हे सहा शब्दांचे वाक्य घ्या आणि तीन-तीन शब्दांचे तुकडे पाडा : ‘नदीचे पाणी डोंगरावरून’, ‘पाणी डोंगरावरून वाहत’, ‘डोंगरावरून वाहत समुद्राला’, ‘वाहत समुद्राला मिळते’. असे चार तुकडे मिळतात. आता ‘वाहत’च्या जागी ‘धावत’ लिहा. तीन तुकडे बदलतात आणि पहिला तेवढा टिकतो. दोन्ही वाक्यांत मिळून वेगवेगळे तुकडे सात आणि सामाईक एक, म्हणून साम्य एक सप्तमांश. सहा शब्दांत एका शब्दाचा फरक मोठाच असतो. पण हाच एक शब्द हजार शब्दांच्या लेखाच्या मध्यावर बदलला तर ९९८ तुकड्यांपैकी फक्त तीन बदलतात. एकूण वेगवेगळे तुकडे १००१, सामाईक ९९५, म्हणजे साम्य ९९ टक्क्यांहून अधिक. सामाईक तुकड्यांना एकूण तुकड्यांनी भागण्याची ही रीत पॉल जकार या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन प्रदेशांतल्या वनस्पतींची तुलना करण्यासाठी वापरली होती. वनस्पतींच्या याद्यांसाठी काढलेले गणित वेबच्या पानांना इतके चपखल बसावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

तुकडे मोजण्याचे कामही प्रचंड असते, म्हणून पुढची युक्ती. दोन पानांतले सगळे तुकडे एकत्र करून, यदृच्छेने पिसून, एका रांगेत मांडले आहेत असे समजा. रांगेत सर्वांत पुढे आलेला तुकडा दोन्ही पानांत असण्याची शक्यता किती? सामाईक तुकड्यांचे एकूण तुकड्यांशी जे प्रमाण, नेमकी तेवढीच. म्हणजे पूर्ण याद्या ताडण्याची गरजच उरत नाही. निरनिराळ्या पद्धतींनी पिसून प्रत्येक पानाचा फक्त ‘पुढे आलेला’ तुकडा टिपून ठेवायचा आणि दोन पानांचे असे तुकडे किती वेळा जुळतात ते पाहायचे, की साम्याचा भरवशाचा अंदाज मिळतो. ब्रोडर यांच्या गटाने दहा-दहा शब्दांचे तुकडे घेऊन ३ कोटी पाने तपासली, तेव्हा सुमारे १ कोटी २३ लाख पाने आपल्यासारख्याच दुसऱ्या एखाद्या पानासोबत गटात बसली. वेब तेव्हा बाल्यावस्थेत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वजन कळते.

२००२ मध्ये संगणकशास्त्रज्ञ मोझेस चारिकर यांनी वेगळ्या वाटेचा हॅश मांडला. सिमहॅश या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत मजकूर थोडा बदलला तर हॅशही थोडाच बदलतो. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखवले की, ८०० कोटी पानांच्या संग्रहासाठी प्रत्येक पानाचा ६४ बिटांचा ठसा, म्हणजे ६४ शून्य-एकांचा असा हॅश, पुरतो, आणि दोन ठशांत तीन किंवा त्याहून कमी बिटांचा फरक असेल तर ती पाने जवळपास एकच मानता येतात. ६४ बिट म्हणजे आठ बाइट. ८०० कोटी पानांचे सगळे ठसे मिळून ६४ गिगाबाइट होतात, म्हणजे आजच्या एखाद्या फोनमध्ये मावतील इतके. आजची शोधयंत्रे याहून बरेच काही करतात, पण ठसा घेऊन गट करण्याचे तत्त्व तेच आहे.

ठसा घेण्यापूर्वी मजकूर धुऊन घ्यावा लागतो. प्रत्येक पानावर असणारे मेनू, तळटीपा आणि जाहिराती वगळाव्या लागतात, आणि अक्षरे एका साच्यात आणावी लागतात. मराठी लिहिणाऱ्याला हे सहज पटेल : ‘दुसऱ्या’मधला अर्धा ऱ युनिकोडमध्ये एकाहून अधिक प्रकारे साठवता येतो. पडद्यावर तो सारखाच दिसतो, आतले संकेतांक मात्र वेगळे असतात. ते एकसारखे करून घेतले नाहीत, तर एकाच लेखाच्या दोन प्रती यंत्राला वेगळ्या दिसतील.

यावरून कोणाला वाटेल की, दर दोन-तीन शब्दांमागे एक शब्द बदलला की ठसा चुकवता येईल. ठसा चुकेल, हे खरे आहे. पण पान वेगळे ठरले म्हणून ते वर चढत नाही. तीच माहिती, तोच क्रम आणि तेच दाखले केवळ समानार्थी शब्दांत लिहिलेल्या पानाला वाचकाने किंवा यंत्राने मुळापेक्षा वर का मानावे, याचे उत्तर त्या पानापाशी नसते. एकाच साच्यात केवळ गावाचे नाव बदलून काढलेल्या शेकडो पानांचेही तसेच; निकालांत जागा अडवण्यासाठी अशी पाने तयार करणे हा गूगलच्या नियमांनुसार स्पॅमचाच प्रकार आहे. अनुवाद मात्र दुहेरी मजकूर समजला जात नाही, आणि लेखात दिलेल्या छोट्या अवतरणाने काही बिघडत नाही.

एकाच पानाचे अनेक पत्ते असण्यातून दोन तोटे होतात. पहिला तोटा दुव्यांचा. १९९८ मध्ये लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी मांडलेल्या पेजरँक या क्रमवारीच्या पद्धतीपासून पानाकडे येणारा दुवा हे त्याच्या महत्त्वाचे एक माप राहिले आहे. कोणी एका पत्त्याला दुवा दिला, कोणी दुसऱ्याला, आणि ते पत्ते एकाच पानाचे आहेत हे यंत्राला कळले नाही, तर एकाच पानाची पुण्याई वाटली जाते. दुसरा तोटा वेळेचा. सर्व्हरच्या नोंदी उघडून पाहिल्या की तो डोळ्यांना दिसतो : क्रॉलर, म्हणजे पाने गोळा करत फिरणारा शोधयंत्राचा प्रोग्राम, एकाच यादीची किमतीनुसार, नावानुसार आणि तारखेनुसार लावलेली पाने पुन्हा पुन्हा मागत असतो आणि काल प्रसिद्ध झालेल्या लेखाकडे अजून फिरकलेला नसतो. लहान संकेतस्थळाला हा तोटा जाणवणार नाही. लाखो पानांच्या संकेतस्थळाला तो चांगलाच भोवतो.

उपायांत सर्वांत भक्कम म्हणजे ३०१ क्रमांकाचा रीडायरेक्ट, म्हणजे पान कायमचे दुसऱ्या पत्त्यावर गेले आहे, हे सर्व्हरने सांगणे. सुरुवातीच्या आठ पत्त्यांपैकी सात असे आठव्याकडे वळवले की तो प्रश्न मुळातच मिटतो. जिथे दोन्ही पत्ते चालू ठेवणे भाग असते, तिथे कॅनॉनिकल टॅग वापरायचा. ‘या मजकुराचा मुख्य पत्ता अमुक’ असे सांगणारी ही एक ओळ पानाच्या हेड भागात लिहितात. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी फेब्रुवारी २००९ मध्ये एकत्र येऊन ती स्वीकारली. गूगल तिला आज्ञा न मानता सूचना मानते. म्हणून टॅगमध्ये एक पत्ता, साइटमॅपमध्ये, म्हणजे शोधयंत्राला दिलेल्या पत्त्यांच्या यादीत, दुसरा आणि संकेतस्थळाच्या स्वतःच्या मेनूत तिसरा असेल, तर सूचनेचे वजन उरत नाही. आपल्याच पानांवरचे दुवे एकाच पत्त्याकडे जातात ना, हे बघणे सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याकडेच होते.

एक चूक मी वारंवार पाहिली आहे. दुहेरी पाने लपवावीत या सद्हेतूने ती रोबोट्स फाइलमधून, म्हणजे क्रॉलरने कुठे जाऊ नये हे सांगणाऱ्या फाइलमधून, बंद केली जातात. त्यामुळे क्रॉलर त्या पानापर्यंत पोहोचतच नाही, आत लिहिलेला कॅनॉनिकल टॅग त्याला दिसत नाही आणि त्या पत्त्याकडे आलेल्या दुव्यांचे श्रेय मुख्य पानाला मिळत नाही. तितकीच घातक दुसरी चूक म्हणजे अनेक भागांत विभागलेल्या यादीच्या प्रत्येक भागावर पहिल्या भागाचा पत्ता मुख्य म्हणून देणे. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागांतला मजकूर पहिल्यात नसतोच, आणि तो निकालांतून गायब होण्याचा धोका त्यातून ओढवतो. आपला लेख परवानगीने दुसऱ्या संकेतस्थळावर जाणार असेल, तर त्या प्रतीवर नोइंडेक्स टॅग (‘हे पान निकालांत दाखवू नका’ असे सांगणारी ओळ) घालायची अट आधीच ठरवून घ्यावी.

शोधयंत्राने शेवटी कोणता पत्ता निवडला, हे अंदाजाने ठरवावे लागत नाही. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये पत्ता टाकून तपासणी केली की, मालकाने सांगितलेला मुख्य पत्ता आणि गूगलने निवडलेला मुख्य पत्ता हे दोन्ही एकाखाली एक दिसतात. ते वेगळे असतील, तर गूगलने निवडलेला पत्ता आधी उघडून पाहावा. आपल्याच मेनूतला एखादा जुना दुवा अजून त्याच पत्त्याकडे जात असल्याचे बऱ्याचदा तिथे सापडते.