निदानात्मक तर्क, संगणकीय

दिसणाऱ्या लक्षणांवरून त्यांच्या मुळाशी असलेला रोग किंवा बिघाड ओळखण्याच्या विचारप्रक्रियेचे संगणकावर चालवता येईल असे प्रतिरूप. या तर्काची दिशा कार्याकडून कारणाकडे असते. नदीचा पूर पाहून पाऊस पडल्याचे ओळखणे, हा न्यायसूत्रांचे भाष्यकार वात्स्यायन यांनी ‘शेषवत्’ (कार्यावरून कारणाच्या) अनुमानाचा दिलेला दाखला याच जातीचा आहे. एका लक्षणाची अनेक कारणे संभवत असल्याने असा निष्कर्ष तात्पुरता असतो.

या अभ्यासाचा आरंभ सामान्यतः रॉबर्ट लेडली व ली लस्टेड यांच्या १९५९ मधील लेखापासून धरतात. त्यात वैद्यकीय निदानाची उकल तर्कशास्त्र आणि संभाव्यता यांच्या आधारे केलेली आहे. १९७० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित झालेल्या ‘मायसिन’ या जंतुसंसर्गविषयक प्रणालीने मात्र वेगळी वाट धरली. तिच्या ‘जर–तर’ स्वरूपाच्या नियमांना तज्ज्ञांच्या अंदाजानुसार −१ ते +१ या मर्यादेतील ‘निश्चितता गुणक’ जोडलेले असत. एखाद्या निष्कर्षाला ०.६ व ०.५ गुणकांचे दोन आधार मिळाले, तर दुसरा आधार उरलेल्या ०.४ पैकी निम्मा भाग भरून काढतो आणि एकत्रित गुणक ०.८ होतो. आकडेमोड सुटसुटीत आहे. परंतु ताप आणि थंडी वाजणे यांसारखी एकमेकांशी निगडित लक्षणे आली, की एकच पुरावा जणू दोनदा मोजला जातो. या गुणकांना सुसंगत संभाव्यताशास्त्रीय अर्थ देता येतो, पण त्यासाठी परिकल्पना (तपासले जाणारे संभाव्य निदान) खरी वा खोटी धरल्यावर पुरावे परस्परांपासून स्वतंत्र मानावे लागतात, असे डेव्हिड हेकरमन यांनी १९८६ मध्ये दाखवले. कोणती गोष्ट कशावर अवलंबून आहे हे संभाव्यतांसह उघडपणे मांडणारी ज्यूडिया पर्ल यांची ‘बेझियन जाळी’ ही प्रतिरूपे या दृष्टीने अधिक समाधानकारक ठरतात.

यंत्रांच्या बाबतीत रेमंड रायटर यांनी १९८७ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात बिघाडांची यादी लागत नाही. यंत्र निर्दोष असताना कसे चालते, एवढे वर्णन पुरते. समजा, गुणाकार करणारे तीन घटक आहेत आणि त्यांची उत्तरे दोन बेरीज करणाऱ्या घटकांकडे जातात. मधल्या गुणाकाराचे उत्तर दोन्ही बेरजांत येते. दोन्हीकडे १२ अपेक्षित असताना पहिली बेरीज १० आणि दुसरी १२ आली, तर संशय पहिल्या बेरजेच्या घटकावर किंवा केवळ तिलाच आकडा पुरवणाऱ्या गुणाकाराच्या घटकावर जातो. मधला घटक एकटा दोषी असता, तर दुसरी बेरीजही चुकली असती. त्याला दोषी धरायचे, तर ती चूक भरून काढणारा आणखी एक बिघाड मानावा लागतो.

न्यूरल नेटवर्कवर, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय जाळ्यांवर, आधारलेल्या प्रणाली पूर्वीच्या नमुन्यांवरून थेट निदान देतात. त्यांत कारणांची साखळी उघड मांडलेली नसते, त्यामुळे एखादी शक्यता का वगळली गेली हे तपासणे अवघड जाते.