असंबद्ध

असंबद्ध (विशेषण) : ज्याच्या भागांचा एकमेकांशी किंवा चालू विषयाशी मेळ बसत नाही असे, विशेषतः बोलणे वा लेखन. ‘बन्ध्’ (बांधणे) या संस्कृत धातूपासून ‘संबद्ध’, आणि त्याचे नकारार्थी रूप ‘असंबद्ध’. रोजच्या मराठीत अशा बोलण्याला ‘शेंडा ना बुडखा’ म्हणतात. ओढूनताणून जोडलेल्या संबंधाला ‘वडाची साल पिंपळाला’.

वृत्तपत्रांत हा शब्द ‘विसंगत’च्या जागी सर्रास येतो, तो टाळावा. साक्षीदाराने आधी ‘मी घरी होतो’ आणि मग ‘मी बाजारात होतो’ असे त्याच वेळेबद्दल सांगितले, तर जबाब विसंगत ठरतो. दोन्ही विधाने एकाच गोष्टीविषयी आहेत, म्हणून तर ती एकमेकांना छेदतात. असंबद्ध बोलण्यात छेद जाण्याइतकाही संबंध नसतो. ‘अप्रस्तुत’ बोलणे मात्र स्वतःपुरते सुसंगत असू शकते. ते फक्त अस्थानी असते.

भारतीय शास्त्रांनी या दोषाचा फार बारकाईने विचार केला आहे. पतंजलीच्या महाभाष्यात (संस्कृत व्याकरणावरील ग्रंथ) अनर्थक वाक्याचे उदाहरण येते : ‘दश दाडिमानि षडपूपाः’, म्हणजे दहा डाळिंबे, सहा घारगे, पुढे कुंड, शेळीचे कातडे... प्रत्येक शब्द कळतो, पण वाक्य उभे राहत नाही. न्यायसूत्रांत (तर्क व वादविद्येचा मूळ ग्रंथ) अशा बोलण्याला ‘अपार्थक’ म्हटले असून ते निग्रहस्थान, म्हणजे पराभवाचे कारण आहे. वादात तसे बोलणारा हरतो. वाक्य कशाने जुळते, याचे उत्तर अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहात (१७ वे शतक) तीन शब्दांत मिळते : आकांक्षा, योग्यता, संनिधी. ‘गाय, घोडा, पुरुष, हत्ती’ यांत आकांक्षा नाही, कारण एका शब्दाला दुसऱ्याची गरजच पडत नाही. ‘विस्तवाने शिंपावे’ यात योग्यता नाही, कारण विस्तवाने शिंपता येत नाही. ‘गाय’ म्हणून प्रहरभराने ‘आण’ म्हटले, तर संनिधी, म्हणजे शब्दांची जवळीक, नाही.

मनुस्मृतीने कठोर बोलणे, खोटे व चहाडी यांच्याबरोबर ‘असंबद्धप्रलाप’ हे वाणीचे चौथे पाप मानले. ज्येष्ठातील गंगादशहरा ज्या दहा पापांच्या क्षालनासाठी, त्यांत हे एक आहे.

नाट्यशास्त्राची दृष्टी याहून उदार आणि अधिक खरी वाटते. धनंजयाच्या दशरूपकात (१० वे शतक) ‘असत्प्रलाप’ हे वीथीचे (एकांकी नाट्यप्रकाराचे) एक अंग आहे. झोपेत बरळणारा, मद्यधुंद, वेडा किंवा लहान मूल रंगमंचावर असंबद्धच बोलणार. तिथे तो दोष नव्हे, ती त्या पात्राची खूण. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ नाटकातील राजा पुरूरवा विरहात हंसाकडे आपली प्रिया परत मागतो, ते याच जातीचे.

वैद्यकातही हा शब्द रूढ आहे. तापात ‘वात झाल्यासारखे’ बरळणे, रक्तातील साखर एकदम उतरणे, मेंदूला इजा होणे, स्किझोफ्रेनिया अशा अवस्थांत बोलणे असंबद्ध होऊ शकते. नीट बोलणारा माणूस अचानक असे बोलू लागला, विशेषतः वृद्ध वा मधुमेही असेल, तर त्याला ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.