भोगले, मंडळ आणि माइकचा मालक

एप्रिल २०१६मध्ये आयपीएलचा नववा हंगाम तोंडावर आलेला असताना हर्षा भोगले यांना समालोचकांच्या पॅनेलमधून वगळलं गेलं. कारण अधिकृतपणे कुणीच सांगितलं नाही. तर्क मात्र भरपूर झाले, आणि त्यातले बहुतेक एका ट्विटपाशी सुरू होऊन तिथेच थांबतात. समालोचकाला नेमतं कोण, हा त्याआधीचा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

हैदराबादचं मराठी घर, केमिकल इंजिनीअरिंग, आयआयएम, वयाच्या १९व्या वर्षी आकाशवाणी, १९९१-९२च्या दौऱ्यात ऑस्ट्रेलियन रेडिओचं बोलावणं, हे सगळं वाचकांना पाठ आहे. टीव्हीवरच्या कारकिर्दीला वाट मिळाली ती मात्र एका कोर्टकज्ज्यातून. १९९३च्या हिरो कप या क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला विकले गेले, दूरदर्शन बिथरलं, कंपनीची यंत्रसामग्री कस्टम्सने अडकवून ठेवली. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी नाही. खासगी क्रीडावाहिन्यांचा जम बसला तो त्यानंतर. त्यातल्याच एकीचा भोगले चेहरा झाले, तेही एकही कसोटी न खेळता.

दूरदर्शनची मक्तेदारी गेली, पण पुढे भारतीय क्रिकेट मंडळाची (बीसीसीआय) आली. वाहिनी हक्कांसाठी हजारो कोटी मोजणार, पण घरच्या सामन्यांचं चित्रीकरण मंडळच करवून घेणार आणि समालोचकांच्या बॉक्समध्ये कोण बसणार हेही मंडळच ठरवणार, अशी ही व्यवस्था. पॅनेलवरच्या दोन माजी कर्णधारांशी तर मंडळाचा थेट करार होता. २०१३मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एका माजी कर्णधाराला भारतातल्या मालिकेच्या समालोचनासाठी विचारणा झाली. संघनिवड, डीआरएस (पंचांच्या निर्णयाची फेरतपासणी मागायची पद्धत) आणि मंडळाचा कारभार यांवर बोलायचं नाही, हे कळल्यावर त्याने सरळ नकार कळवला. आपल्याकडे त्यावर चार दिवस चर्चा झाली, इतकंच.

आता २३ मार्च २०१६. टी-ट्वेंटी विश्वचषक, बंगळुरू. बांगलादेशला तीन चेंडूंत दोन धावा हव्या होत्या. तीन चेंडूंत तीन गडी पडले आणि भारत एका धावेने जिंकला. त्यानंतर एका ज्येष्ठ अभिनेत्याने ट्विट केलं: भारतीय समालोचकाने सारखं दुसऱ्यांबद्दल बोलण्यापेक्षा आपल्या खेळाडूंबद्दल जास्त बोलावं. नाव कुणाचंच नव्हतं. भारताच्या कर्णधाराने तेच ट्विट पुढे पाठवलं आणि यात आणखी काही सांगायची गरज नाही, अशा अर्थाची ओळ जोडली. भोगले यांचं उत्तर तांत्रिक होतं आणि बिनतोडही. इंग्रजी समालोचनाचं प्रक्षेपण जगभर जातं, ते ढाक्यातही ऐकलं जातं, त्यामुळे तिथे दोन्ही संघांबद्दल बोलावंच लागतं. भारतीय प्रेक्षकांसाठी हिंदीची सोय वेगळी आहे. नागपूरच्या सामन्यात एका पदाधिकाऱ्याशी झालेल्या खटक्याचीही तेव्हा कुजबुज होती. पुढे फेसबुकवर त्यांनी लिहिलं की कारण आपल्याला अजून कळलेलं नाही, पण खेळाडूंच्या तक्रारीवरून हे झालं नसावं अशी आशा आहे. त्यांना एवढंही सांगायचं सौजन्य कुणी दाखवलं नाही, ही गोष्ट वगळण्यापेक्षा जास्त खटकते.

आयपीएलमध्ये ते २०१८ला परतले. त्याआधी, सप्टेंबर २०१७मध्ये, त्या स्पर्धेचे हक्क १६,३४७.५ कोटींना दुसऱ्या वाहिनीकडे गेले होते.

नोव्हेंबर २०१९मध्ये कोलकात्यात गुलाबी चेंडूची कसोटी होती. चेंडू नीट दिसतो का हे खेळाडूंना विचारायला हवं, असं भोगले म्हणाले. शेजारी बसलेल्या, मुंबईकडून खेळलेल्या माजी फलंदाजाने ऐकवलं की विचारायची गरज तुम्हाला, खेळलेल्यांना नाही. मार्च २०२०मध्ये मंडळाच्या पॅनेलमधून तोच बाहेर गेला. यावेळीही अधिकृत कारण नाहीच. जुलैमध्ये त्याने मंडळाला मेल केला, तुमच्या नियमांनुसार काम करायला तयार आहे, शेवटी निर्मिती तुमचीच. तरीही अमिरातीतल्या आयपीएलला त्याला घेतलं नाही. दोनच महिन्यांत ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर मात्र तो पुन्हा समालोचन करत होता. ती मालिका मंडळाची नव्हती आणि पॅनेल वाहिनीने निवडलं होतं.