चष्मा न काढता रोहित पाहायचा तर

शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, उतरले की किनाऱ्यावर गर्दी जमते आणि तिथे एक सल्ला हमखास कानी पडतो : "आधी चष्मा काढा, मग दुर्बीण लावा." हा सल्ला अगदीच खोटा नाही. ज्यांना केवळ जवळचा किंवा लांबचा साधा नंबर आहे, त्यांची उणीव दुर्बिणीचे फोकसचे चाक आणि दोन डोळ्यांतील फरकासाठी असलेले डायॉप्टरचे कडे मिळून बहुधा भरून काढतात. सिलिंडरचा नंबर मात्र कोणतेही चाक फिरवून जात नाही, कारण तो दोष दिशेनुसार बदलतो आणि दुर्बिणीची भिंगे सर्व दिशांना सारखीच असतात. शिवाय पक्षी आधी नुसत्या डोळ्यांनी, आपल्या बाबतीत चष्म्यातूनच, हेरावा लागतो. चष्मा कपाळावर सरकवून दुर्बीण लावेपर्यंत खंड्या उडून गेलेला असतो.

म्हणून चष्म्यासह वापरता येणारी दुर्बीण घ्यावी, आणि त्यासाठी विचारायचा आकडा वर्धनाचा, म्हणजे किती पट मोठे दिसते त्याचा, नसून 'आय रिलीफ'चा आहे.

8×42 ची, म्हणजे 8 पट वर्धनाची आणि 42 मिलिमीटर व्यासाच्या मोठ्या भिंगाची, दुर्बीण हातभर अंतरावर धरून मोकळ्या आकाशाकडे रोखा, सूर्याकडे मात्र चुकूनही नको. डोळ्याकडच्या भिंगात एक लख्ख चकती तरंगताना दिसेल. समोरच्या मोठ्या भिंगाची, नेत्रिकेने म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाने तयार केलेली, ही छोटी प्रतिमा होय. तिचा व्यास 42 भागिले 8, म्हणजे 5.25 मिलिमीटर. समोरून आलेला सगळा प्रकाश याच चकतीतून बाहेर पडतो. डोळ्याची बाहुली नेमकी तिथे असेल तर पूर्ण वर्तुळ दिसते; ती मागे राहिली तर कडेचे तिरपे किरण तिला चुकवून जातात आणि दाराच्या भोकातून लांब उभे राहून पाहावे तसा दृश्याचा मधला तुकडा तेवढा उरतो. शेवटच्या भिंगापासून या चकतीपर्यंतचे अंतर म्हणजे आय रिलीफ.

हे अंतर शाळेतल्या भिंगाच्या सूत्राने काढता येते. मोठे भिंग नेत्रिकेपासून दोघांच्या नाभीय अंतरांच्या बेरजेइतके दूर असते. ही किंमत सूत्रात घातली आणि नेत्रिका एकच पातळ भिंग मानली, तर उत्तर येते : नेत्रिकेचे नाभीय अंतर गुणिले (1 + 1/वर्धन). मोठ्या भिंगाचे नाभीय अंतर 120 मिलिमीटर धरल्यास 8 पट वर्धनासाठी नेत्रिका 15 मिलिमीटरची लागते आणि आय रिलीफ सुमारे 16.9 येतो, 10 पटींसाठी नेत्रिका 12 ची, आणि आय रिलीफ 13.2 वर घसरतो. प्रत्यक्षातील नेत्रिका अनेक भिंगांची असल्याने कुशल रचनेने हे अंतर वाढवता येते, पण त्याची भरपाई दृश्याच्या रुंदीत, वजनात किंवा किमतीत करावी लागते.

आता चष्म्याचा हिशेब. काच डोळ्यापासून साधारण 12 ते 14 मिलिमीटर पुढे असते, तिची जाडी एक-दोन मिलिमीटर, आणि बाहुली डोळ्याच्या पृष्ठभागाच्या सुमारे 3 मिलिमीटर आत दिसते. बेरीज 16 ते 19. त्यातही कंपनी आपला आकडा भिंगापासून मोजते, तर चष्मा टेकतो तो त्याबाहेर आलेल्या कडेला. दोन-तीन मिलिमीटर तिथेच जातात. म्हणून कागदावर 17-18 पेक्षा कमी असेल, तर मी ती दुर्बीण हातीही घेणार नाही.

"100 पट, 20 किलोमीटर" असे ओरडणाऱ्या स्वस्त दुर्बिणींच्या जाहिरातींत हा आकडा सहसा नसतोच. एवढे वर्धन हातात धरून स्थिर ठेवता येत नाही, हे वेगळेच. दुर्बिणीने चष्म्याचा नंबर वाढतो, ही भीतीही निराधार आहे.

दुकानात आपलाच चष्मा लावून, नेत्रिकेभोवतीचे रबरी आयकप पूर्ण खाली करून पाहावे आणि वर्तुळाची काळी कड सगळीकडून रेखीव दिसते का, ते तपासावे. मुंबईच्या दमट हवेत घामाने चष्मा नाकावरून घसरतोच, तेव्हा तो किंचित खाली सरकवूनही एकदा पाहून घ्यावे.