चैत्रातली भेग

तीन वर्षांपूर्वी चैत्रातल्या एका दुपारी आमच्या सांगलीच्या घरात जेवणाच्या टेबलातून ‘टक्’ असा आवाज आला. सागवानी फळीला उभी भेग पडली होती; वीतभर लांब आणि पोस्टकार्ड सहज शिरेल एवढी रुंद. सुताराने ओलं लाकूड गळ्यात मारलं, अशी माझी खात्रीच झाली. श्रावणात त्याच भेगेत तेच पोस्टकार्ड शिरेना, तेव्हा राग निम्मा उतरला. उरलेला निम्मा रास्त होता.

लाकूड कितीही वाळवा, हवेतली ओल ते घेत-सोडत राहतं. त्याच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात, बहुतेक खोडाच्या लांबीच्या दिशेनं. पाण्याचे रेणू या धाग्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर सारतात. म्हणून फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाहीच.

बैलगाडीवाल्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. उन्हाळ्यात चाकाचे लाकडी पाटे-आरे आटले, की त्यावरची लोखंडी धाव, म्हणजे चाकाभोवतीचा पट्टा, खुळखुळायची. मग गाडी ओढ्यात उभी करायची. लाकूड पाणी प्यायलं की धाव घट्ट. तीच धाव बसवताना मात्र लोहार ती तापवून वाढवायचा आणि चाकावर चढवून पाणी ओतायचा. लोखंडाला ऊन-थंडी कळते, लाकडाला ओल.

सागवान तसं गुणी, कमी हलणारं. तरी 90 सेंमी रुंद फळीतली ओल 14 टक्क्यांवरून 9 टक्क्यांवर आली, तर ती साधारण 4 ते 8 मिमी आकसते. खोडातून फळी कशी कापली आहे, त्यावर नेमका आकडा ठरतो.

आता टेबलाखाली वाका. पायांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांचे रेषे त्यांच्या लांबीत धावतात, म्हणजे फळीच्या रुंदीच्या दिशेनं. फळी आकसायला बघते, पट्टी हलत नाही. आमच्या सुताराने आषाढात, फळी फुगलेली असताना, दोन्ही कडांना स्क्रू आवळले होते, वर सरसही भरला होता. चैत्रात फळीला आत यायचं होतं आणि वाट नव्हती. रेषांना आडवं ताणलं की लाकूड फार लवकर हार मानतं. हेच काम वैशाखात केलं असतं, तर पावसाळ्यात फळीला पोक आला असता.

फळी खाली धरून ठेवायची, पण जखडायची नाही. मी पटाशीने सरस खरवडला. मधला स्क्रू तसाच घट्ट ठेवला, म्हणजे हालचाल दोन्हीकडे सारखी वाटली जाते. आडपट्ट्यांतली बाकीची भोकं रुंदीच्या दिशेनं लांबट करून स्क्रूखाली वायसर घातले. लांब पट्ट्यांना बोटभर लाकडी गुटके लावले: गुटक्याची जीभ पट्टीच्या खाचेत सैल सरकते आणि स्क्रू फक्त फळीत जातो.

पॉलिशने ओल थांबत नाही, नुसती रेंगाळते. तेही वरूनच मारलं तर दोन अंगं वेगवेगळ्या वेगानं ओल घेतात आणि फळी वाकते. खालूनही हात फिरवायला हवा. प्लायवूडला यातलं फारसं काही लागत नाही, त्याचे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात. पण मग ते टेबल बोलतही नाही.

त्या श्रावणात फळीच्या खालच्या अंगाला, लांब पट्टीच्या बाहेरच्या कडेलगत मी पेन्सिलीची रेघ मारली. वैशाखात ती पट्टीआड जाते. पहिले दोन-तीन आठवडे पाऊस पडला की पुन्हा डोकावते.